जुनी चिठ्ठी राहू द्या, शेजारी नवी डकवा

लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती-उद्यानावरून गेली काही वर्षं जो वाद पेटलेला आहे, त्यात प्रत्येकाला वाद जिंकायचा आहे, बागेकडे बघायला कोणाला सवड नाही. जून २०२० मध्ये क्यूचे विज्ञान-संचालक अलेक्झांड्रे अंतोनेली यांनी एका लेखात मांडलं की वनस्पतिसंग्रहांचं निर्वसाहतीकरण व्हायला हवं, म्हणजे त्यांच्यावरची साम्राज्यकाळाची छाप निघायला हवी. पुढच्या वर्षी क्यूने सांगितलं की बागेतल्या पाट्यांवरचा मजकूर आम्ही तपासून पाहू आणि ऊस, रबर यांसारख्या झाडांमागचा गुलामगिरीचा, साम्राज्याचा इतिहासही लोकांपुढे ठेवू. झालं! एका बाजूने ओरड सुरू झाली की आता झाडाझुडपांनाही माफी मागायला लावणार काय. दुसरी बाजू म्हणू लागली की अख्खी बागच चोरीचा माल आहे, पाट्या बदलून काय होणार. आपल्याकडे या वादाची घरगुती आवृत्ती निघाली आहे. हाउन्स्लो नाहीतर हॅरोला लेकीकडे उन्हाळ्यात राहायला गेलेले आईवडील क्यूतले फोटो टाकतात. खाली पहिली प्रतिक्रिया येते, ‘काय ती स्वच्छता, शिका काहीतरी यांच्याकडून!’ आणि दुसरी तिच्या पाठोपाठ, ‘सगळं आपलंच लुटून नेलेलं आहे.’ पहिलीत न्यूनगंड आहे, दुसरीत आळस. दोघांनाही पाटी वाचायची गरज वाटलेली नसते.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पाट्यांवर हा इतिहास आला पाहिजे, पण जुना मजकूर खोडून नव्हे, त्याच्या शेजारी. आणि हे कसं करायचं ते शिकायला क्यूला कुठल्या चळवळीकडे जावं लागणार नाही. ती पद्धत त्यांच्याच हर्बेरियममध्ये दीड-दोनशे वर्षं चालू आहे.

क्यूच्या हर्बेरियममध्ये वाळवलेल्या वनस्पतींचे सुमारे सत्तर लाख नमुने आहेत. जाड कागदावर चिकटवलेली फांदी आणि कोपऱ्यात चिठ्ठी: वनस्पतीचं नाव, कोणी गोळा केली, कुठे, केव्हा. पन्नास वर्षांनी दुसरा अभ्यासक येतो, नमुना पाहतो आणि त्याला वाटतं की नाव चुकलं आहे. तो जुनी चिठ्ठी फाडत नाही, तिच्यावर काट मारत नाही. आपलं मत, आपलं नाव आणि तारीख लिहिलेली छोटी चिठ्ठी तो शेजारी डकवतो. काही कागदांवर अशा चार-चार चिठ्ठ्या असतात आणि त्या क्रमाने वाचल्या की एका वनस्पतीबद्दल माणसं काय काय समजत गेली याचा इतिहासच समोर येतो. २०२२ मध्ये क्यूच्या अभ्यासकांनी ‘व्हिक्टोरिया बोलिव्हियाना’ ही महाकाय कमळाची नवी जात जाहीर केली. तिचा नमुना क्यूमध्येच १७७ वर्षं दुसऱ्या जातीच्या नावाखाली पडून होता. त्यामुळे क्यूची अब्रू गेली, राणी व्हिक्टोरियाचा अपमान झाला, असं कोणी म्हटलं नाही. उलट कौतुकच झालं. मग वनस्पतीच्या नावातली चूक सुधारली की ते विज्ञान, आणि ती कोणी, कशी, कोणाच्या जिवावर आणली यातली त्रुटी भरून काढली की ते राजकारण, हा हिशेब कुठला?

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा असा की लोक बागेत विसाव्याला येतात. आठवडाभर राबलेला माणूस रविवारी पोरांना घेऊन येतो; त्याला पानं, सावली, तळं हवं असतं, शिकवणी नको असते. हे मला मनापासून पटतं. पाम हाऊसमधल्या दमट उष्म्यात चष्म्यावर धुकं धरतं, लोखंडी गोल जिन्याने वर गेलं की माडांचे शेंडे डोळ्यांच्या रेषेत येतात. तिथे उभं असताना कानाशी कोणी व्याख्यान देऊ नये असंच वाटतं. (हीथ्रोची विमानं दर दोन मिनिटांनी डोक्यावरून जातात, तेवढा त्रास पुरेसा आहे.) पण बाग आजवर अशी निर्मळ होती, हे मात्र खोटं आहे. १८४७ मध्ये क्यूमध्ये ‘उपयोगी वनस्पतीं’चं संग्रहालय उघडलं, जगातलं आपल्या प्रकारचं पहिलं. व्यापाऱ्याला, कारखानदाराला कळावं म्हणून कुठला डिंक, कुठली साल, कुठला धागा साम्राज्याच्या कोणत्या कोपऱ्यातून येतो हे तिथे मांडलेलं असे. १८७९ च्या सुमाराला लंडनचं इंडिया म्युझियम मोडलं तेव्हा त्यातला वनस्पतीजन्य माल क्यूलाच गेला. म्हणजे झाडामागची साम्राज्याची गोष्ट क्यू पहिल्यापासून सांगतच होतं, अभिमानाने सांगत होतं. फक्त नफ्याची बाजू सांगून थांबत होतं. आता उरलेली बाजू आली की बागेत राजकारण शिरलं म्हणायचं? आणि राजकारण शिरलंच म्हणाल, तर फेब्रुवारी १९१३ मध्ये मताधिकार मागणाऱ्या बायकांनी क्यूच्या ऑर्किडगृहांच्या काचा फोडल्या आणि पुढच्या काही दिवसांत चहाचा मंडप जाळला. ऑलिव्ह व्हॅरी आणि लिलियन लेंटन या दोघींना त्यासाठी अटक झाली. त्यांनी बागच का निवडली? कारण ज्या देशात आपल्याला मत नाही त्या देशाच्या वैभवाचं प्रदर्शन तिथे मांडलेलं आहे, हे त्यांना नीट कळलं होतं.

काही जणांनी कायद्याचा आधार घेतला, की क्यूचं काम वनस्पतिशास्त्र आहे, इतिहास नव्हे. क्यूचं आजचं विश्वस्त मंडळ १९८३ च्या नॅशनल हेरिटेज ॲक्टने स्थापन झालं, आणि लोकांना संग्रहातून ज्ञान आणि आनंद मिळावा हे त्या मंडळाच्या कामांतच धरलेलं आहे. आनंदासाठी तळं आणि सावली आहेच. उसाची गोष्ट ज्ञानात बसत नसेल तर ज्ञानात बसतं तरी काय?

यापेक्षा अवघड आक्षेप हा, की आजचं माप कालच्या माणसांना लावणं अन्यायाचं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकाने वाटाड्याचं नाव लिहिलं नाही, कारण तशी रीतच नव्हती. रीत नव्हती? १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला ‘हॉर्टस मलाबारिकस’चे बारा खंड छापले गेले. मलबारच्या वनस्पतींचा हा ग्रंथ कोचीच्या डच गव्हर्नरने, व्हान र्‍हेडेने करवून घेतला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी ब्राह्मणांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र आहे आणि वैद्य इट्टी अच्युतन यांचंही आहे. डच काही संत नव्हते. मिरीच्या व्यापारासाठी त्यांनी केलेली हिंसा सर्वश्रुत आहे. तरी माहिती कोणाकडून घेतली हे छापायला सतराव्या शतकात त्यांना अडचण आली नाही. दीडशे वर्षांनी पुण्याजवळ दापोडीला मुंबई सरकारची वनस्पती-बाग होती, अलेक्झांडर गिब्सन तिचा अधीक्षक. १८४०च्या दशकाच्या शेवटी त्याने एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून तिथल्या झाडाफुलांची सुरेख चित्रं काढून घेतली. ती चित्रं आज एडिंबराच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत. गिब्सनचं नाव आहे, चित्रकाराचं कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा आजचं माप बाजूला ठेवा, सतराव्या शतकाचं लावा. त्या मापानेही एकोणिसावं शतक उणंच भरतं.

नावांचा मुद्दा भावनेचा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी सिंकोनाची हकिकत पाहावी. हिवतापावरचं क्विनाइन या झाडाच्या सालीतून निघतं, झाड दक्षिण अमेरिकेतलं. १८५९-६० मध्ये क्लेमंट्स मार्कहॅमच्या मोहिमेने बी आणि रोपं निलगिरीत आणली. पुढे आपल्या महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सरकारने सिंकोना लावून पाहिला, तो साधला नाही. पण सर्वांत जास्त क्विनाइन देणारं बी मिळालं ते चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला, आणि त्याला ते आणून दिलं मॅन्युएल इंक्रा मामानी या त्याच्या बोलिव्हियन नोकराने. कोणत्या झाडाची साल कडू, कुठलं बी धरायचं, हे ज्ञान मामानीचं. ब्रिटिशांनी ते बी घ्यायला रस दाखवला नाही, डचांनी घेतलं, जावामध्ये लावलं आणि पुढे जगातल्या क्विनाइनचा बाजार त्यांच्या हातात गेला. मामानी पुन्हा बी गोळा करायला गेला, पकडला गेला, कोठडीत मार खाल्ला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मेला. झाडाचं नाव पडलं सिंकोना लेजेरियाना. आता सांगा, पाटीवर मामानीची एक ओळ आली तर लेजरचं काय जाणार आहे?

याच हकिकतीतून समोरच्यांची आणखी एक बाजू निघते आणि ती मी नाकारणार नाही. क्विनाइनने जीव वाचवले. बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कार्यालयांतून क्विनाइनची पुडी एका पैशाला मिळू लागली. ज्या खेड्यात डॉक्टर पोचत नव्हता तिथे पोस्टमन पोचत होता. हेही लिहा. साम्राज्याचा इतिहास सांगायचा म्हणजे केवळ गुन्ह्यांची यादी वाचायची, असं कोणी ठरवलं? त्याच क्विनाइनने गोरे सैनिक आणि मळेवाले आफ्रिकेत, आशियात टिकले, आणि त्याच क्विनाइनने बंगालच्या शेतकऱ्याचा ताप उतरला. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि दोन्ही मिळून पाटीवर चार ओळींच्या वर जागा खात नाहीत.

आता ‘सगळं लुटून नेलं’वाल्यांकडे वळू. त्यांचं आवडतं उदाहरण रबराचं. हेन्री विकम या इंग्रजाने १८७६ मध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यातून सत्तर हजार बिया आणल्या. क्यूच्या काचघरात त्यातल्या दोन-अडीच हजारांवर रुजल्या, बहुतेक रोपं श्रीलंकेला गेली, तिथून आणि सिंगापूरहून मलायात मळे उभे राहिले, आणि ब्राझीलचा रबराचा व्यापार पुढच्या काही दशकांत बसला. चोरी? ब्राझीलमध्ये तेव्हा ते बी बाहेर नेण्यावर बंदी नव्हती. ब्राझीलची कॉफी तरी कुठली? १७२७ मध्ये पाल्हेता नावाच्या अधिकाऱ्याने फ्रेंच गयानातून ते बी लपवून आणलं, असं ब्राझीलमध्येच सांगतात. मसाल्यांच्या बेटांवर डचांचा पहारा असताना जायफळ आणि लवंग पळवून मॉरिशसला लावली ती प्येर प्वाव्र या फ्रेंचाने. आणि आपण? येमेनहून कॉफीच्या सात बिया लपवून चिकमगळूरला आणणाऱ्या बाबा बुडनची आख्यायिका आपण भक्तिभावाने सांगतो, त्याच्या नावाचा डोंगर आहे. मग बाबा बुडन संत आणि विकम चोर, हे कुठल्या न्यायाने? पोर्तुगीजांनी गोव्याला उतरवलेली मिरची, काजू, पेरू, पपई, अननस परत करायचं ठरवलं तर कोकणातल्या किती घरांत चूल पेटेल?

बी देशाबाहेर गेलं यात गुन्हा नाही. वनस्पती माणसांबरोबर हिंडतच आली आहे. गुन्हा पुढे घडला. बी कुठेही गेलं तरी ते लावायला, निंदायला, तोडायला माणसं लागत होती, आणि ती माणसं कशी आणली हे पाहिलं की विकम आणि बाबा बुडन यांच्यातला फरक कळतो. मलायातल्या रबरासाठी तमिळ मजूर बोटी भरभरून नेले गेले. ॲमेझॉनचं जंगली रबरही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. पेरू-कोलंबियाच्या सीमेवर पुटुमायोच्या जंगलात रबर गोळा करणाऱ्या आदिवासींवर झालेले अत्याचार रॉजर केसमेंट या ब्रिटिश राजनैतिक अधिकाऱ्याने १९१० मध्ये तपासले, आणि ते करणारी कंपनी लंडनला नोंदलेली होती. आणि ऊस! क्यूच्या ज्या पाटीवरून सर्वांत जास्त हसं झालं ती ही उसाची. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मळेवाल्यांना हात हवे होते, म्हणून १८३४ पासून मॉरिशसला करारबद्ध हिंदी मजूर जाऊ लागले. त्यात मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी तिथे मराठी टिकवून धरली. आजही मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. उसाच्या पाटीवर दोन ओळी लिहिल्याने इंग्रज वर्तमानपत्रांना राग आला तर समजू शकतो. पण ती पाटी वाचून ‘हे काय भलतंच खूळ’ म्हणणारा मराठी माणूस मला खरोखर कळत नाही. त्या पाटीवर त्याचेच गाववाले आहेत.

या सगळ्यापेक्षा खोल जाणारा आक्षेप डाव्या बाजूने येतो आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही: पाट्या हे स्वस्तातलं प्रायश्चित्त आहे. शाई लागते, सत्ता हलत नाही. खरं आहे. सह्याद्रीतल्या वनस्पतींवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा. एखादी जात पहिल्यांदा ज्या नमुन्यावरून वर्णिली गेली तो मूळ नमुना, म्हणजे टाइप, पाहिल्याशिवाय नावाबद्दल ठाम बोलता येत नाही, आणि आपल्याकडच्या असंख्य जातींचे टाइप क्यूला आहेत. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कूक निवृत्तीनंतर क्यूला जाऊन बसले आणि १९०१ ते १९०८ या काळात त्यांनी मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची छापली. महाराष्ट्रातला वनस्पती-अभ्यासक आजही तिथूनच सुरुवात करतो. आपल्या डोंगरांची सूची टेम्सच्या काठी बसून लिहावी लागली, कारण नमुने तिथे होते! भारतीय वनस्पती सर्वेक्षण कितीतरी दशकं आपला एक अधिकारी मुद्दाम क्यूला ठेवत आलं, ते याच कारणाने.

मग नमुने परत मागावेत का? सरसकट मागू नयेत, असं मी म्हणेन, आणि त्यात इंग्रजांची भलामण नाही. ते कागद शंभर देशांतले आहेत आणि एकमेकांशी ताडून पाहण्यातच त्यांचा अर्धा उपयोग आहे. शंभर कपाटांत विखुरले तर झांबियाच्या अभ्यासकाला भारताचा नमुना पाहायला आणखी एक व्हिसा काढावा लागेल. मागायचं ते पाहण्याचा हक्क. प्रत्येक कागदाचं उत्तम छायाचित्र कोणालाही, कुठेही, फुकट दिसलं पाहिजे. क्यूने संपूर्ण हर्बेरियम असं चित्रबद्ध करण्याचं काम अलीकडे हाती घेतलं, हे मला पाट्यांच्या शंभर वादांपेक्षा मोठं वाटतं. पाटी आणि हे काम यांत वैर नाही. रविवारी आलेल्या माणसाला पाटी, खानापूरच्या कॉलेजातल्या मुलीला छायाचित्र.

पुन्हा नावांकडे येतो, कारण खोडायला निघालेल्या उत्साही मंडळींना एक उदाहरण दाखवायचं आहे. जुन्नर-शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची मांसल खोडाची, तांबूस चांदणीसारखं फूल येणारी वनस्पती आहे, जगात फक्त सह्याद्रीत सापडणारी. १८६०च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला शास्त्रीय नाव दिलं ‘फ्रेरिया इंडिका’, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या मानार्थ. शिवबाच्या जन्मगडावरच्या फुलाला इंग्रज गव्हर्नरचं नाव! रक्त उसळायला हरकत नाही. पण पुढे शास्त्रज्ञांना ती वेगळी प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) वाटेना, तिला दुसऱ्या प्रजातीत घातलं, आज ती ‘बुसेरोशिया फ्रेरेई’ आहे. गव्हर्नरसाहेबांची पदावनती झाली, हकालपट्टी नाही. आणि तसंच असावं. ते नाव पुसलं तर एकोणिसाव्या शतकात वनस्पतीला नाव देणं म्हणजे वरिष्ठाला केलेला मुजरा असे, हा पुरावाच पुसला जाईल. शेजारी शिंदळ माकुडी लिहा, ठळक लिहा. फ्रिअरला राहू द्या, साक्षीदार म्हणून.

हा नियम मग आपल्यालाही लागू करायला हवा, नाहीतर क्यूवर बोट दाखवण्यात काही अर्थ नाही. १८८९ मध्ये क्यूला सुमात्राचा टायटन अरम फुलला, लागवडीत तो फुलण्याची जगातली पहिली वेळ. आजही त्याचं फूल उमललं की कुजका वास घ्यायला लोक रांगा लावतात. त्याच कुळातलं, त्याच प्रजातीतलं शेवळं आपल्याकडे पावसाच्या तोंडावर ठाणे-पालघरच्या बाजारात येतं. कोणतं कोवळं, कोणतं टाकायचं, घशाला खाजू नये म्हणून बरोबर किती काकडं (आंबट रानफळं) घालायची, हे सगळं विकणाऱ्या आदिवासी बाईला पाठ असतं. आपण दोन जुड्या घेतो, घासाघीस करतो, आणि नाव विचारायचं राहून जातं. हे ज्ञान ज्यांचं आहे त्यांना त्याचा वाटा मिळावा म्हणून २००२ चा जैवविविधता कायदा आला, गावोगावी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या करायचं ठरलं. २०२३ मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली. आयुषचे नोंदणीकृत चिकित्सक आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणारे यांना लाभ-वाटपाच्या कलमातून सूट मिळाली. ग्रंथात जे नाही, शेवळंवालीच्या हातात आहे, ते कधी कोणी ग्रंथात बसवलं की त्याचंही असंच होणार का, याची चर्चा मराठी वर्तमानपत्रांत फारशी झाली नाही. त्या वर्षीही क्यूचे फोटो मात्र भरपूर आले, आणि त्यांच्याखाली ‘आपलंच लुटून नेलं’ हेही.